विमानाचे इंजिन बंद पडण्याआधीच का उघडतात?



बारामती, गोंदिया, धुळे इथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहेत. तिथलं छोटं विमान डोक्यावरून गेलं की मुलं हमखास विचारतात, "वरती इंजिन बंद पडलं तर?" प्रश्न रास्त आहे. मोटारसायकल बंद पडली तर बाजूला घेता येते. एकच इंजिन असलेल्या विमानाला मात्र तरंगत खाली येऊन, मिळेल त्या मोकळ्या जागेत उतरावं लागतं. म्हणून "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे इथे चालत नाही. दोष शोधायचा तो इंजिन व्यवस्थित चालू असतानाच.

इंजिन कसे असते?

सेस्ना १७२ हे प्रशिक्षणाचं प्रसिद्ध विमान घेऊ. त्याच्या आजच्या मॉडेलमध्ये लायकमिंग कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन असते. तत्त्व मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचेच. फरक असा, की प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. एक बिघडला तरी दुसरा काम चालू ठेवतो.

या इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी कंपनीने सुचवलेली मर्यादा आहे २००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी येईल ते. वर्षे कशासाठी? कारण नुसतं उभं राहिलेलं इंजिनही आतून गंजतं, रबराचे भाग कडक होतात.

अधूनमधूनची तपासणी

१. दाब: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडतात आणि किती दाब टिकतो ते पाहतात. (हवेच्या दाबाने पंखा झटकन फिरू शकतो, म्हणून एक जण तो घट्ट धरून ठेवतो.) मग कान देऊन ऐकायचं. सायलेन्सरच्या नळीतून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, ऑईल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

२. ऑईल फिल्टर: तो कापून आतला कागद उलगडतात. धातूचे कण दिसले की लोहचुंबक फिरवतात. चिकटले तर पोलाद, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम असू शकतं. कोणता भाग झिजतोय, याचा अंदाज इथूनच लागतो.

प्रत्येक आकडा लॉगबुकमध्ये लिहितात. समजा, एका सिलिंडरचे आकडे ७६, ७४ आणि मग ६६ आले. एकटा ६६ फारसं सांगत नाही, पण तिन्ही शेजारी ठेवले की घसरण दिसते.

ओव्हरहॉल म्हणजे काय?

नुसती दुरुस्ती नव्हे. इंजिन पूर्ण सुटं करतात, भाग धुतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट चांगले दिसले तरी बदलतातच. पोलादी क्रँकशाफ्ट चुंबकित करून त्यावर लोहकण असलेला चमकणारा द्रव सोडतात. भेग असेल तिथे कण गोळा होतात आणि अतिनील प्रकाशात डोळ्यांना न दिसणारी भेगसुद्धा रेघेसारखी उजळते. नंतर जुळणी करून, इंजिन चालवून पाहून मगच ते विमानावर चढतं.

वर्गात काय करता येईल?

• गुणाकार: इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतं, तर २००० तासांत किती? (उत्तर: २८ कोटी ८० लाख.) पोलादही का थकतं, हे मुलांना या आकड्यावरून पटतं.

• चुंबक: लोखंडाचा कीस आणि ॲल्युमिनियम फॉईलचे तुकडे मिसळून वेगळे करायला द्या. मग विचारा, "हे फिल्टरमध्ये सापडले असते तर तुम्ही विमान उडू दिलं असतं का?"

उत्तराची घाई करू नका. "आधी मागच्या वेळचं लिहिलेलं बघू या," असं एखादं मूल म्हणालं, तर त्याला तपासणी कळली असं समजा.