तीन पायऱ्या

सांगलीच्या माणसाला पुराविषयी पहिला प्रश्न सुचतो तो एकच : पाणी कुठवर आलं होतं? उत्तर फुटांत येत नाही. समोरचा हात कमरेला नाहीतर गळ्याला लावून दाखवतो. २००८मध्ये ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला पहिल्यांदा गेलो, तेव्हा हाच प्रश्न मी भिंतींना विचारत हिंडलो. कॅटरिना वादळाला तीन वर्षं होत आली होती, तरी बंद घरांवर पाण्याची तपकिरी रेघ पट्टीने ओढल्यासारखी शाबूत होती. ट्रायपॉडची लेव्हल बघावी लागत नव्हती. त्या रेघेशी कॅमेरा जुळवला की फ्रेम सरळ.

वादळ आलं २९ ऑगस्ट २००५ला. शहर बुडालं ते मात्र कालव्यांकाठचे बांध आणि पूरभिंती फुटल्यामुळे. सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शहराचा मोठा भाग बशीसारखा, समुद्रसपाटीच्याही खाली. त्यामुळे पाणी आपसूक ओसरत नाही, पंपाने उपसावं लागतं. त्यात आठवडे गेले. लोअर नाइन्थ वॉर्डात तर इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटून पाण्याचा असा लोंढा आला, की त्याने लाकडी घरं पायावरून उचलून नेली.

दारांवर स्प्रेने मारलेल्या फुल्या होत्या. शोधपथकं घर तपासून झालं की फुली मारत : वरच्या कोनात तारीख, डावीकडे पथकाची खूण, उजवीकडे आतला धोका आणि खाली सापडलेल्या माणसांचा आकडा. बहुतेक ठिकाणी मी शून्य वाचलं. एका दारावर शून्य नव्हतं. तिथे कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. काही लोकांनी नंतर घर नव्याने रंगवलं, पण फुली तेवढी मुद्दाम राखली.

रॉबर्ट पोलिडोरी या छायाचित्रकाराने तिथल्या घरांचे मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने फोटो काढले होते. वीज नव्हती, म्हणून खिडकीतून येईल त्या उजेडावर, लांब एक्स्पोजर देऊन. २००६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. ते फोटो फार सुंदर आहेत, आणि माझी अडचण तीच. मीही पहिली दोन वर्षं तसेच काढले : बुरशीने नक्षीदार झालेली भिंत, फुगलेला पियानो. (पियानो दिसला की हात शिवशिवतातच.) पण इतकी वर्षं हे घर असंच का पडून आहे, ते त्यांतल्या एकाही फोटोत दिसत नव्हतं.

कारण कागदांत होतं. ‘रोड होम’ नावाच्या सरकारी योजनेत घराची वादळापूर्वीची किंमत आणि पुन्हा बांधायचा खर्च, यांतली कमी रक्कम धरून मदत ठरायची. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घराची किंमत मुळात कमी. लाकूड-सिमेंट मात्र सगळ्यांना एकाच भावाने. शिवाय कित्येक घरं अजून आजोबा-पणजोबांच्याच नावावर. सातबाऱ्यावर वारसनोंद लागावी म्हणून तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. २००० साली शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती; २०१०च्या जनगणनेत ती ३,४३,८२९ भरली.

२०१५मध्ये पुन्हा गेलो, तर लोअर नाइन्थमधली पडकी घरंही बरीचशी गेलेली. उरल्या होत्या सिमेंटच्या पायऱ्या, तीन नाहीतर चार, माणसाएवढ्या गवतात कुठेही न जाणाऱ्या. अशाच एका जागेसमोर ट्रायपॉड लावत होतो, तर सत्तरीचे एक गृहस्थ गवत कापायचं मशीन ढकलत आले.

“आत्ता नको, बेबी,” ते म्हणाले. (या शहरात कुणीही कुणालाही ‘बेबी’ म्हणतं.) “आधी गवत कापून होऊ दे.”

मला गवतच हवं होतं, पण तसं म्हणायची हिंमत झाली नाही. गाडीला टेकून पाऊण तास थांबलो. पायऱ्यांजवळ आल्यावर त्यांनी मशीन बंद केलं आणि कडेचं गवत हाताने उपटलं. मग घाम पुसून मधल्या पायरीवर बसले. “पाणी कुठवर आलं होतं?” मी विचारलं. त्यांनी हात सरळ डोक्यावर नेला आणि आणखी वर, असं बोट दाखवलं.

तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. टोपीची सावली थेट डोळ्यांवर; फोटो म्हणून चुकीची वेळ. तरी काढला. पाठवायला पत्ता मागितला, तर त्यांनी आधी त्याच जागेचा घरनंबर सांगितला. मग स्वतःशीच हसले, कागद परत घेतला आणि मुलीचा पत्ता लिहून दिला. ह्यूस्टनचा. माझ्या घरापासून वीस मिनिटांवरचा.