अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्याकडे: महर्षी कर्वे यांचे उत्तरायुष्य

महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांचे नाव निघाले की विधवांच्या आश्रमाची हिंगण्याची झोपडी आणि महिला विद्यापीठ या दोन गोष्टी मराठी वाचकाला चटकन आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु १९१६ साली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा अण्णासाहेबांचे वय ५८ वर्षांचे होते आणि त्यानंतर त्यांना आणखी ४६ वर्षांचे आयुष्य लाभले, याकडे सहसा लक्ष जात नाही. या दीर्घ उत्तरायुष्यात त्यांनी जे केले, विशेषतः वयाच्या ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे जे काम हाती घेतले, ते त्यांच्या आधीच्या कार्याचे शेपूट नसून स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे प्रकरण आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदावरून ते १९१४ साली निवृत्त झाले होते. विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यामुळे संस्थेचा पाया पक्का झाला होता, तरीही निधीची गरज संपलेली नव्हती. म्हणून १९२९ साली, वयाच्या सत्तरीनंतर, कर्वे युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या प्रवासाला निघाले आणि जिनिव्हा येथील शिक्षण परिषदेत त्यांनी भारतीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाची माहिती दिली. या प्रवासाहून परतल्यावर फार काळ न थांबता ते १९३० च्या अखेरीस पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील भारतीय वस्त्यांमधून विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करीत १९३२ साली परत आले. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय १९३६ साली पुण्याहून मुंबईला हलले. स्वतः उभारलेल्या संस्थेला कायम चिकटून राहण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. कर्वे यांनी मात्र कारभार पुढच्या पिढीच्या हाती सोपवला आणि ज्या प्रश्नाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते तिकडे ते वळले. त्यांच्या थोरवीचा हा भाग विद्यापीठाच्या स्थापनेइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

तो प्रश्न समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. ग्रामीण भागातील रस्ते, दवाखाने आणि प्राथमिक शाळा ही कामे तेव्हा जिल्हा लोकल बोर्ड या संस्थेकडे असत. आजच्या जिल्हा परिषदेचे ते पूर्वरूप होय. बोर्डाचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने मोठ्या गावांना शाळा मिळे, पण लहान खेडी आणि वाड्या वंचित राहत, आणि चार-पाच मैलांची वाट तुडवून, पावसाळ्यात ओढे ओलांडून, सहा-सात वर्षांच्या मुलाने शेजारच्या गावी शिकायला जावे हे व्यवहारात शक्य नसे. ज्या खेड्यांत बोर्डाची शाळा नाही नेमक्या त्याच खेड्यांत शाळा काढायच्या, या हेतूने कर्वे यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. या कामाला त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून पैसे देऊन आरंभ केला आणि उरलेल्यासाठी, आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे, लहान लहान वर्गण्या मागितल्या. चार आणे देणाऱ्यालाही संस्थेत वाटा आहे असे वाटले पाहिजे, ही वर्गणीमागची दृष्टी होती. त्यामुळे पैशाबरोबर माणसेही जोडली जात.

मुले शाळा सोडतात आणि काही वर्षांत अक्षर विसरतात, म्हणून प्रौढांची वाचनाची सवय टिकवण्याकडेही मंडळाने लक्ष दिले. या विचाराचे मूळ कोकणात, दापोली तालुक्यातील मुरूड या कर्वे यांच्या गावी सापडते. तेथील शिक्षक सोमण गुरुजी यांनी गावकऱ्यांसाठी दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्राचे जाहीर वाचन सुरू केले होते आणि ते वाचून दाखवण्याचे काम शाळकरी धोंडूकडे दिले होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचवणारा हा मुलगा मोठा झाला, तेव्हा त्याने गावाच्या सुधारणेसाठी ‘मुरूड फंड’ काढला. पुढे १८९३ साली कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केल्यावर याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि तरीही खेड्यातल्या माणसाविषयी त्यांच्या मनात कधी कटुता आली नाही. उतारवयातील ग्रामसेवेचे मूल्य या पार्श्वभूमीवर अधिक उमगते: ज्या समाजाने त्यांना दूर लोटले होते, त्याच समाजाच्या मुलांसाठी ते पायपीट करीत होते.

१९४४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता नाहीशी करून माणसामाणसांत समानतेचे नाते आणावे, हा या संघाचा उद्देश होता आणि त्याच्या प्रचारासाठी ‘मानवी समता’ हे मासिक चालवले जात असे. विधवा, शिक्षणापासून दूर राहिलेल्या स्त्रिया, शाळा नसलेली खेडी आणि शेवटी जातिभेदाने विभागलेला सारा समाज असा त्यांच्या कामाचा परीघ वयाबरोबर रुंदावत गेला. सामान्यतः वार्धक्यात माणसाचे जग आकसते, येथे उलट घडले.

सन्मान उशिरा आले, पण आले. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली भारतरत्न त्यांना मिळाले. शताब्दीच्या वर्षी निघालेल्या टपाल तिकिटामुळे हयात असताना भारतीय तिकिटावर स्थान मिळालेली ते पहिली भारतीय व्यक्ती ठरले.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला अण्णासाहेबांचे निधन झाले. तेव्हा खेड्यांत शाळा नव्हत्या; आज, थोडीच मुले उरलेल्या कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, हा प्रश्न वाड्यावस्त्यांना भेडसावतो. नोकरीतून निवृत्त होऊन शहरात स्थिरावलेल्या वाचकांनी या दिवाळीत गावी गेल्यावर तेथील शाळेत एकदा जावे, गुरुजींना किंवा बाईंना भेटावे आणि शाळेला काय कमी पडते ते विचारावे.