'जातिवंत' म्हणजे काय? : कुत्र्याच्या पिलाची खरेदी आणि वंशपत्राचे वाचन

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही पट्ट्यांत, गेल्या काही दशकांत कुत्र्याच्या पिलांचा व्यापार पुष्कळच वाढला आहे. या व्यापाराची एक स्वतंत्र परिभाषाही तयार झाली आहे. भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे लक्ष द्यावे याचे कारण असे की, या व्यवहारातील बहुतेक फसवणूक शब्दांच्या आश्रयाने होते आणि तिचा भुर्दंड सोसतो तो एक मुका जीव. प्रस्तुत लेखात या परिभाषेतील काही संज्ञांचा अर्थ तपासून, निरोगी पिलू निवडताना त्यांपैकी कशावर भिस्त ठेवावी याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम 'पेडिग्री' हा शब्दच घेऊ. तो इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'सारसाचा पाय'. मध्ययुगीन वंशावळींत पूर्वजापासून संततीकडे जाणारी तीन फाट्यांची खूण काढीत आणि ती पक्ष्याच्या पावलासारखी दिसे, यावरून हे नाव पडले. म्हणजे पेडिग्री ही मुळात कागदावरील एक खूण होय. आपला 'जातिवंत' हा शब्द मात्र गुणवाचक आहे. जातिवंत घोडा म्हणजे ज्याच्या अंगी जातीचे उत्तम गुण दिसतात असा घोडा. उपनगरातील गिऱ्हाईक 'पेडिग्री' हा शब्द ऐकतो आणि मनात त्याचा अर्थ 'जातिवंत' असा करून घेतो. नोंद आणि गुण यांची ही गल्लत विक्रेत्याला फार सोयीची पडते.

वंशपत्र वस्तुतः काय सांगते? तीन पिढ्यांच्या वंशपत्रात चौदा पूर्वज येतात : दोन जन्मदाते, चार आजे-आज्या आणि आठ पणजे-पणज्या. ही नावे पैदास करणाऱ्याने स्वतः कळविलेली असतात; चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडियासारखी संस्था ती आपल्या दप्तरात नोंदवून प्रमाणपत्र देते. सबब, हे प्रमाणपत्र मुख्यतः एका निवेदनाची नोंद आहे. पिलू निरोगी आहे असे ते कोठेही म्हणत नाही. पोथ्यांचा वंशवृक्ष मांडणाऱ्या संपादकाला हा भेद नवा नाही. पोथीची परंपरा निश्चित झाली म्हणून तिला कसर लागलेली नाही असे ठरत नाही.

तथापि वंशपत्र वाचता येणाऱ्याला ते बरेच काही सांगते. सर्वप्रथम पाहावे ते हे की, पित्याच्या आणि मातेच्या अशा दोन्ही बाजूंना एकच नाव येते काय. समजा, दोन्हीकडचा आजा एकच आहे. याचा अर्थ पिलाचे आईबाप सावत्र भावंडे आहेत. स्यूअल राइट या आनुवंशशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडलेल्या गणितानुसार अशा पिलाचा अंतःप्रजनन-गुणांक १२.५ टक्के येतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल होती. त्या विवाहातील संततीचा गुणांक ६.२५ टक्के, म्हणजे याच्या बरोबर निम्मा. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संततीत तो २५ टक्क्यांवर जातो. हा आकडा जसजसा वाढतो तसतसे दडलेले दोष प्रकट होण्याचे भय वाढते. 'चँपियन ब्लडलाइन' म्हणून ज्या नावाची जाहिरात होते तेच नाव वंशपत्रात तीनदा आलेले असेल, तर ती शिफारस समजावी की इशारा, याचा निर्णय वाचकानेच करावा.

आता बाजारातील इतर संज्ञा. लॅब्रॅडॉरच्या पिलाला 'डबल बोन' किंवा 'हेवी बोन' म्हणण्याचा प्रघात आहे. शरीरशास्त्रात 'डबल बोन' या शब्दाला काहीही अर्थ नाही. हाडे कोणाचीही दुप्पट नसतात. जर्मन शेफर्डला 'डबल कोट' म्हणून अधिक किंमत सांगतात. पण आत मऊ लोकर आणि वर राठ केस असा दुहेरी केशसंभार हा त्या जातीचा सामान्य धर्मच आहे. जे सर्वांनाच असते तेच विशेष म्हणून विकण्याचा हा नमुना अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला मनोरंजक वाटेल. पगच्या बाबतीत 'पंच फेस' ही संज्ञा याहून गंभीर आहे. ठोसा बसल्यासारखे चपटे तोंड असा तिचा अर्थ. या चपटेपणामुळे नाकपुड्या अरुंद होतात, टाळूचा मऊ भाग श्वासमार्गात लोंबतो आणि मुंबईच्या दमट उकाड्यात त्या प्राण्याला धाप लागते. कारण कुत्रा घामाने नव्हे, तर मुख्यतः धापेने अंग थंड करतो. २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एक पग झळकला आणि देशभर त्या जातीला एकाएकी मागणी आली. जी व्यंगे आहेत तीच येथे गुण म्हणून विकली गेली. सायबेरियन हस्कीबद्दल मी इतकेच म्हणेन की, बर्फात गाडी ओढणाऱ्या प्राण्याला घाटकोपरच्या सदनिकेत आणण्याचे समर्थन मला कधीही पटलेले नाही.

'विथ पेपर्स' आणि 'विदाउट पेपर्स' ही जोडीही अशीच. एकाच वेताची पिले या दोन भावांनी विकावयास काढली असतील, तर कागद हा पिलाचा भाग नसून वेगळा विकावयाचा जिन्नस आहे असे विक्रेताच मान्य करतो. त्यातून मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक वाचनयंत्रावर प्रत्यक्ष पाहून कागदावरील क्रमांकाशी ताडून घेतला नाही, तर तो कागद याच पिलाचा आहे याला काय आधार?

मग आधार कशाचा धरावा? माझ्या मते पहिला आधार म्हणजे आई. वेत जेथे वाढले ती जागा आणि पिलांसह त्यांची आई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सौदा करू नये. पिलू रेल्वेस्थानकाबाहेर आणून देतो, तुम्हाला इतक्या लांब येण्याची तसदी नको, असे जो म्हणतो त्याच्या सौजन्यामागे बहुधा एखादी न दाखविण्याजोगी जागा असते. आई रोडकी, भेदरलेली, लूत भरलेली असेल तर उरलेले सर्व युक्तिवाद व्यर्थ होत. जन्मदात्यांच्या आरोग्याचे दाखलेही मागावेत : लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड यांत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो आणि तो आईबापांच्या क्ष-किरण चित्रांवरून तपासता येतो. हा दोष अनेक जनुकांवर अवलंबून असल्यामुळे निर्दोष आईबापांच्या पोटीही तो क्वचित येतो. पण संभव कमी होतो, आणि पैदासकाराने ती चित्रे काढली हीच गोष्ट त्याच्याविषयी बरेच सांगून जाते.

कायद्याची भाषा येथे बाजारापेक्षा स्पष्ट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीचे नियम लागू झाले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. कुत्रीला अठरा महिन्यांपूर्वी फळविता येत नाही, आणि वर्षातून एकाहून अधिक वेत घेता येत नाही. नोंदणी-क्रमांक विचारला असता जो हसण्यावारी नेतो त्याच्याकडून उठून यावे.

आठ आठवड्यांची मर्यादा मनमानी नव्हे. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास पिलू स्वजातीयांशी व माणसांशी वागण्याचे मूलभूत धडे घेते असे दाखविले आहे. आई आणि भावंडे यांच्याकडून चाव्याचा आवर शिकण्याआधीच उचललेले पिलू पुढे घरातील मुलांना चावते, तेव्हा दोष मात्र त्याच्या 'जाती'ला लावला जातो.

सर्वात मोठे संकट पार्व्हो विषाणूचे. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस जातात. म्हणूनच रविवारी हसतखेळत घरी आलेले पिलू गुरुवारी रक्ताची हगवण लागून मरणाच्या दारी पोहोचते. एक लस टोचली आहे एवढ्यावर निर्धास्त राहणे चुकीचे आहे. मातेकडून मिळालेली प्रतिद्रव्ये काही आठवडे लसीचा परिणाम होऊ देत नाहीत. ती ओसरल्यानंतर आणि लस लागू पडण्यापूर्वी पिलू उघड्यावर असते. यास्तव तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत लस टोचीत राहावे लागते. घरात पूर्वी एखादे पिलू या रोगाने गेले असेल, तर विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो हे ध्यानात ठेवावे. याखेरीज उपनगरात गोचिडांपासून होणारे ताप आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस यांचीही दक्षता घ्यावी लागते. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर या दुसऱ्या रोगाने माणसांतही किती हाहाकार माजविला ते मुंबईकर जाणतात.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. आपल्याकडे कागदाविना शुद्ध राखलेली एक जात आहेच. दख्खनच्या पठारावर सशाच्या शिकारीसाठी पाळला जाणारा सडपातळ, वेगवान कुत्रा कारवानी म्हणून ओळखला जातो. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानावरून त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. केनेल क्लब त्याची नोंद 'कॅराव्हॅन हाउंड' अशी करतो, तर टपालखात्याने २००५ साली काढलेल्या तिकिटावर 'मुधोळ हाउंड' असे नाव आहे. एकाच प्राण्याला दोन नावे मिळून त्यांवर वाद होतात हे भाषा आणि बोली यांच्या वादासारखेच आहे. त्याची पैदास करणाऱ्या खेडुतापाशी वंशपत्र नसे. पण कोणती कुत्री कोणाच्या घरची, तिच्या कोणत्या वेतातील कोणते पिलू धावले आणि कोणते नाही, हे त्याला मुखोद्गत असे. ती मौखिक वंशावळ गुणांवर तपासली जात होती; शहरी वंशपत्र तसे तपासले जात नाही.

शेवटी 'रिस्पॉन्सिबल' या विशेषणाविषयी. त्याचा आपण 'जबाबदार' असा अनुवाद करतो. 'जबाब' म्हणजे उत्तर, आणि मूळ शब्दातही तोच धातू-अर्थ आहे. जो उत्तर देतो तो जबाबदार. परंतु चांगला पैदासकार उत्तरे देण्याआधी प्रश्नच अधिक विचारतो : दिवसा घरी कोण असते, सदनिका कितव्या मजल्यावर, महानगरपालिकेचा परवाना काढणार काय, पूर्वीच्या कुत्र्याचे काय झाले. या चौकशीने गिऱ्हाईक कधी दुखावते. वास्तविक तिने निश्चिंत व्हावयास हवे. त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, पिलू नेल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या पसंतीच्या पशुवैद्याकडून तपासून घेण्याची आणि दोष आढळल्यास परत करण्याची मुभा. दुसरी, पुढे कोणत्याही वयात कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो स्वतः परत घेईल, अशी हमी. पहिली अट बरेच जण मान्य करतात. दुसरीवर सही करणारा भेटला, तर त्याच्या पुढच्या वेतासाठी सहा महिने थांबावे लागले तरी थांबावे.