माझ्याच अक्षरातले दोन अर्ज

मराठीचा प्राध्यापक म्हणजे गल्लीचा बिनपगारी अर्जनवीस, ही समजूत आमच्या मंगळवार पेठेत अजून शाबूत आहे. नळाला पाणी नाही, लिहा सर अर्ज. गणपतीच्या मांडवाला परवानगी हवी, लिहा सर अर्ज. मी वर्गात केशवसुत शिकवतो की मर्ढेकर, याच्याशी गल्लीला कर्तव्य नाही. 'विनंती विशेष'च्या पुढे काय लिहायचे ते मला ठाऊक आहे, एवढे तिला पुरे. परंतु गेल्या दीड वर्षात असे दोन अर्ज माझ्या वाट्याला आले, की पहिल्याने दुसऱ्याचे तोंडच बंद केले. त्याचीच ही हकीकत.

पहिला अर्ज एका मुलाचा. त्याला सारी गल्ली 'डावरा' म्हणते, कारण त्याचा डावा पाय. त्या पायाने मारलेला चेंडू कुठे वळेल, हे तो आणि परमेश्वर दोघेच जाणत. आई चार घरी पोळ्या लाटते. महानगरपालिकेच्या शाळेत तो सातवीपर्यंत शिकला, आणि आठवीला माझ्या चिरंजीवांच्या अनुदानित शाळेत आला. दोघे एका बाकावर आणि एका संघात. दोन वर्षे आमच्या अंगणातली एकही कुंडी धड राहिली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची आई दारात उभी राहिली. शहराच्या पार टोकाला एक मोठी निवासी शाळा आहे. हिरवळीचे मैदान, वसतिगृह, पगारी प्रशिक्षक, आणि फी अशी की प्राध्यापकाचा पगारही बिचकावा. तिथल्या प्रशिक्षकांनी पोराला खेळताना पाहिले होते. "फी माफ करतो म्हणालेत सर, जेवणखाण बी देणार. पर अर्ज द्या म्हणत्यात. तुमीच लिवून द्या." मी लिहिला. घरची परिस्थिती, मुलाचे गुण, संस्थेचे औदार्य, सगळे यथास्थित मांडले. आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला. जूनमध्ये डावरा ट्रंक घेऊन गेला.

यंदाच्या पावसाळ्यात, शहराच्या शालेय स्पर्धेत, सतरा वर्षांखालच्या गटाचा अंतिम सामना लागला तो नेमका या दोन शाळांचा. आमचे चिरंजीव बचावफळीत, समोर डावरा. चिखल घोट्याएवढा. निकाल तीन-शून्य, त्यांतले दोन गोल डाव्या पायाचे. चिरंजीव रात्री न जेवता झोपले.

बाहेरगावच्या वाचकांना वाटेल, पोरांचा खेळ, त्यात एवढे काय? त्यासाठी कोल्हापूर समजून घ्यावे लागेल. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटच्या नादी लागला, पण आमच्या पेठा फुटबॉलच खेळत राहिल्या, तेही तालमींच्या नावाने. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची. पण त्यांच्यातल्या ईर्ष्येचा निकाल लागतो शाहू स्टेडियमच्या मैदानात. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्यांचे साखळी सामने भरवते. त्या दिवशी दुकानदारांचे लक्ष गल्ल्यात नसते.

त्यातून शालेय स्पर्धा म्हणजे शिडी. आधी शहर किंवा तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. १९६० साली सुरू झालेल्या सुब्रतो मुखर्जी चषकाची वाटही अशाच पायऱ्यांनी दिल्लीला जाते. जसजशी पायरी चढावी तसतसे दहावी-बारावीला सवलतीचे गुण, जास्तीत जास्त २५. पुढे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा. पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या घरात या आकड्यांना काय मोल आहे, ते निराळे सांगायला नको. आमच्यासारख्यांच्या घरातही ते काही कमी नाही.

तेव्हा सामन्यानंतरच्या रविवारी आमच्या पुढच्या खोलीत पालकांची बैठक भरली, आणि दुसऱ्या अर्जाची मागणी आली. "सर, हरकत घ्यायची. पैशेवाल्या शाळांनी बाहेरची पोरं गोळा करायची, आणि आमच्या पोरांनी मार खायचा? त्यांची स्पर्धा येगळी लावा म्हणावं. खासगी ते खासगी, सरकारी ते सरकारी." सर्वांत मोठा आवाज होता एका किराणा दुकानदार गृहस्थांचा. मी त्यांना हळूच विचारले, "तुमच्या तालमीच्या आघाडीला मागे तो आफ्रिकेचा खेळाडू होता, तो कुठल्या गल्लीतला?" बैठकीत हशा पिकला. गृहस्थ म्हणाले, "ते येगळं, सर. ती तालीम हाय."

मी कागद घेतला, पेन उघडले, आणि पहिल्याच ओळीला अडलो. खासगी म्हणजे कोण आणि सरकारी म्हणजे कोण? आमच्या गावात भवानी मंडपातले मेन राजाराम हायस्कूल जिल्हा परिषदेचे. दुसऱ्या एका जुन्या शाळेचे तर नावच 'प्रायव्हेट हायस्कूल'. पण महाराष्ट्रातली बहुतेक जुनी माध्यमिक विद्यालये अशीच: संस्था खासगी, पगार सरकारी अनुदानाचा. चिरंजीवांची शाळाही त्यांतलीच. महानगरपालिकेच्या शाळा बहुतेक प्राथमिकच. सतरा वर्षांखालच्या गटात त्यांचा संघ उतरायचा तरी कसा? म्हणजे 'सरकारी'च्या नावाने हरकत घेणारे आम्ही स्वतः खासगीच निघालो. आणि ज्याला खरोखर सरकारी शाळेचा मुलगा म्हणावे, तो एकटा डावरा. तोही पलीकडच्या संघात!

बरे, वेचक मुले गोळा करणे हे काय फक्त पैसेवाल्यांनाच साधते? सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतही निवडूनच मुले घेतात. २०१७ साली सतरा वर्षांखालची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या बापाचे हे पोर पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आले. त्याची निवड झाली म्हणून आम्ही पेढे वाटले. अन्याय झाला असे कुणी म्हटले नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. त्यांचा फुटबॉल निराळा, हाताने फेकायचा. पण भांडण हेच. सरकारी शाळेने आपल्या हद्दीतली मुले घ्यायची आणि खासगी शाळेने कुठूनही, मग बरोबरी कशी व्हायची? इलिनॉय राज्याच्या शालेय संघटनेने २००५ साली एक तोड काढली. तिथे विद्यार्थिसंख्येवरून शाळांचे लहान-मोठे गट पाडतात. ज्या शाळेला हद्द नाही, तिची संख्या १.६५ ने गुणायची. हजार मुलांची शाळा सोळाशे पन्नासांची धरून वरच्या गटात घालायची. मौज अशी, की शाळेचा मालक कोण, हे या हिशेबात विचारलेच नाही. हद्दीबाहेरून मुले घेणाऱ्या सरकारी शाळेलाही तोच गुणाकार. मला हे शहाणपणाचे वाटले. भांडणाचे मूळ मालकीत नाही, निवडीत आहे, एवढे त्यांनी ओळखले.

पण निवड म्हणजे पाप, असे तरी कसे म्हणावे? मुंबईत रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात जायला सांगितले. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. समोरच्या गोलंदाज मुलांची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल? न्याय त्यांनाही हवा होता. पण सचिनला जुन्याच शाळेत बसवून ठेवणे, हा न्याय झाला असता काय?

आणि आम्ही तर शाहू महाराजांच्या गावचे. १९०१ पासून महाराजांनी इथे एकामागून एक वसतिगृहे काढली. खेड्यापाड्यांतली गरिबांची पोरे आणून शिकवली. ठिकठिकाणचे मल्ल आणून पोसले, त्यांच्यासाठी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. गुणी पोर हेरावे आणि त्याच्या पोटाची काळजी मिटवावी, ही या गावाची जुनी रीत. मात्र त्याच महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. हेरलेल्या एकासाठी वसतिगृह आणि न हेरलेल्या सर्वांसाठी शाळा, अशी दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. आम्ही पहिले तेवढे उचलले आणि दुसरे विसरलो, असे मला त्या रविवारी वाटून गेले.

कारण खरा अन्याय सामन्याच्या दिवशी झालेलाच नव्हता. तो रोज संध्याकाळी होतो. त्यांच्याकडे तीस मुलांना वीस चेंडू. आमच्याकडे एक, तोही शिवलेला. त्यांचे मैदान राखीव. आमच्या शाळेच्या मैदानाच्या निम्म्या भागात गाड्या लागतात. या गोष्टीसाठी मात्र एवढ्या वर्षांत एकाही पालकाने माझ्याकडून अर्ज लिहून नेला नव्हता. मीही आपण होऊन लिहिला नव्हता.

मी पेन मिटले आणि मंडळींना सांगून टाकले, "मला हा अर्ज लिहिता येणार नाही. त्या पोराच्या फीमाफीचा अर्ज माझ्याच अक्षरात आहे." खोलीत जी शांतता पसरली, ती मी वर्गातही कधी अनुभवलेली नाही. दुकानदार गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. ते अजून माझ्याशी मोजकेच बोलतात, आणि साखर मात्र पूर्वीपेक्षा काटेकोर मोजतात.

त्याहून अवघड प्रश्न रात्री आला. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, तो जाणार म्हणजे आमचा संघ मोडणार, हे तुम्हाला अर्ज लिहिताना ठाऊक होते?" मी म्हणालो, "होते." "मग?" मला उत्तर सुचेना. मी म्हणालो, "तुझे घर मोडत नव्हते, बाळ. त्याचे उभे राहत होते." त्याला ते पटले की नाही, कोण जाणे. बापाची न्यायबुद्धी मुलाच्या २५ गुणांवर पोसलेली असावी, हे कुठल्याच मुलाला आवडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिसरा अर्ज लिहिला, या खेपेस कुणी न सांगता. शाळेच्या संचालक मंडळाला: गाड्या मैदानाबाहेर लावाव्यात, दहा चेंडू घ्यावेत, आणि संध्याकाळी मैदान शेजारच्या महापालिका शाळेच्या पोरांनाही खुले ठेवावे. एक चेंडू माझ्याकडून. खाली पालकांच्या सह्या हव्या होत्या. अकरा मिळाल्या, म्हणजे एक संघ पुरा झाला. बारावी सही, थोडी तिरपी, गेल्या आठवड्यात आली. ती दुकानदार गृहस्थांची. उत्तर अजून यायचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीसाठी डावरा परवा घरी आला. अंगणात दोघांचे किल्ला बांधणे चालले आहे. पन्हाळा करायचा की विशाळगड, यावर कडाक्याचे भांडण झाले. सामन्याविषयी एक अक्षरही नाही. दुपारी मातीचे हात तसेच ठेवून दोघे चेंडू घेऊन पळाले, आणि उरलेली शेवटची कुंडी फुटली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "लिहा आता अर्ज."