बोट लागेल म्हणून भ्यावे काय?

सहलीची गाडी पन्हाळ्याची किंवा आंबा घाटाची वळणे चढू लागली, की वारणानगरच्या मंडळींपैकी कुणाला तरी ‘गाडी लागते’. त्याचे कुणाला नवल वाटत नाही. गाडी थांबते, तोंडावर पाणी मारले जाते आणि प्रवास पुढे चालू होतो. परंतु मुंबईला जाऊन गेटवेहून मांडव्याला कॅटामरानने एका दिवसात जाऊन येण्याचा बेत ठरला, की हीच माणसे कचरतात. दोघेचौघे नावही मागे घेतात. घाटात उतरता येते, पाण्यावर उतरता येत नाही, हे या धास्तीचे खरे मूळ होय.

वस्तुतः गाडी लागणे आणि बोट लागणे ही एकाच विकाराची दोन नावे. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. शरीर कसे हलले, हे त्या मेंदूला कळवतात. बोटीत बसून आपण समोरच्या बाकाकडे पाहतो, तेव्हा डोळे म्हणतात, “सारे स्थिर आहे”, कान म्हणतो, “आपण हलत आहोत.” या विसंगतीतून मळमळ उद्भवते. हा दुबळेपणा नव्हे. ‘बीगल’ जहाजावर 1831 ते 1836 पर्यंत प्रवास करणाऱ्या डार्विनला समुद्र अखेरपर्यंत सोसला नाही. नौसेनापती नेल्सनचीही तीच गत होती.

‘कॅटामरान’ हा शब्द मूळचा तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे. आजच्या कॅटामरानला दोन अरुंद तळ असतात. त्यामुळे ती साध्या होडीइतकी कुशीवर कलत नाही. मात्र लाटांवर तिची उचल-आपट जाणवतेच. साधारण पाच-सहा सेकंदांना एक अशी संथ उचल पोटाला सर्वांत जाचक ठरते.

आता उपाय पाहू. पहिला उपाय वेळेचा. पावसाळ्यात ही कॅटामरानची वाहतूक बंदच असते. इतर दिवसांत दुपारनंतर वारा वाढून पाणी खवळते, म्हणून जाणे सकाळी ठेवावे आणि परतीलाही फार उशीर करू नये. दुसरा उपाय जागेचा. बोटीच्या मध्याजवळ किंवा थोडे मागे हेलकावा कमी असतो. वरच्या मजल्यावर हेलकावा अधिक, पण वारा आणि क्षितिज तेथेच मिळते. बाहेर दिसेल अशी मधली जागा धरावी, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइल खिशात घालावा. तिसरा उपाय पोटाचा. उपाशी निघू नये आणि तर्रीदार मिसळ खाऊनही निघू नये. सकाळी थोडे पोहे किंवा भाकरी पुरे. आल्याचा तुकडा चघळल्याने पुष्कळांना बरे वाटते, पण अभ्यासकांचे त्याबाबत एकमत नाही.

औषध घ्यायचे तर डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारखी गोळी साधारण तासभर आधी घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. अशा गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

राहिली मनाची गोष्ट. “आज मला लागणारच” असा घोष करीत बसणाऱ्याची मळमळ त्या काळजीनेच वाढते. त्यात बरोबरच्यांनी थट्टा मांडली, तर तो माणूस पुढच्या सहलीत येत नाही. म्हणून सहल नेणाऱ्याने आदल्या दिवशीच ज्याला त्रास होतो त्याला एकीकडे विचारावे, चांगली जागा त्याच्यासाठी राखावी, कागदी पिशव्या आणि पाणी जवळ ठेवावे आणि त्याविषयी चारचौघांत बोलू नये.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. हा प्रवास तासाभराचा आहे आणि जमिनीला पाय लागताच बहुतेकांना लवकरच उतार पडतो. शिवाय मांडवा हे बेट नव्हे. जाताना फारच त्रास झाला, तर अलिबाग-पेणमार्गे रस्त्याने परत येता येते. सुटकेची वाट आहे हे कळले, की निम्मी धास्ती किनाऱ्यावरच ओसरते. मग घरी बसू पाहणाऱ्या आजीलाही समुद्र पाहता येईल.