गोठ्यातली दुखापत टाळता येते

संगमनेर, राहाता, राहुरी या अहिल्यानगरच्या दूधपट्ट्यात घरोघरी संकरित गाई आहेत. चार-पाचशे किलोच्या या जनावराची एक लाथही हाड मोडायला पुरेशी असते.

गाईला दोन्ही बाजूंचं दूरवर दिसतं, पण नेमकं पाठीमागचं दिसत नाही. मागून अचानक हात लागला की ती बिचकते. तिची लाथ पुढे येऊन बाजूला फिरते. म्हणून आवाज देत, खांद्याच्या बाजूनं जवळ जावं. नुकतीच व्यालेली गाय शांत स्वभावाची असली तरी वासराजवळ जाताना जपावं. दावं मनगटाला गुंडाळू नये. जनावर उधळलं की बोटं सापडतात. लसीकरण, कृत्रिम रेतन खोड्यातच करावं. जार काढायचं काम डॉक्टरांवर सोपवावं. उघड्या हातानं ते केल्यास ब्रुसेलोसिसची लागण होऊ शकते.

जनावरामुळे अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून पात्र शेतकरी कुटुंबाला 2 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळेत अर्ज करा.