आकडी, औषध आणि शाळेचा पट

जिंतूर तालुक्यातील बोरी घ्या किंवा परभणी जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. वर्गात एखादे मूल एकाएकी ताठ होऊन कोसळले आणि हातपाय झाडू लागले, की पुढे काय होणार हे जणू ठरलेलेच असते. कोणी कांदा फोडतो, कोणी पायातील वहाण त्याच्या नाकाशी धरतो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधतो. दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप ओसरतो आणि श्रेय मात्र वहाणेला मिळते. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाच्या शेजारची जागा रिकामी राहते. मुलगी असेल तर काही महिन्यांनी शाळेत तिचे केवळ नाव पटावर उरते.

फेफरे हा विकार काही दुर्मिळ नव्हे. मुंबईतील सुमारे 14 हजार पारशी नागरिकांची घरोघर पाहणी करून डॉ. भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार हजारी चार ते पाच व्यक्तींना आयुष्यात केव्हा तरी हा विकार जडलेला होता. सुशिक्षित, सुस्थित समाजातील हे प्रमाण आहे. जेथे बाळंतपणे अवघड होतात, मेंदूज्वर आणि मेंदूतील कृमिदोष अधिक आढळतात, तेथे ते याहून कमी असण्याचे कारण नाही.

तथापि प्रत्येक झटका म्हणजे फेफरे नव्हे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात केवळ तापामुळे आकडी येणारी मुले शंभरात दोन ते पाच असतात. अमेरिकेतील नेल्सन व एलेनबर्ग या संशोधकांनी अशा 1,706 बालकांचा सात वर्षे वयापर्यंत मागोवा घेतला. त्यांचा 1976 चा निबंध सांगतो की, त्यांपैकी फार थोड्यांना, शेकडा दोनच्या आसपास, पुढे फेफऱ्याचा विकार झाला. बुद्धीच्या कसोटीतही ही मुले आपल्या भावंडांहून मागे नव्हती. उलट 1990 मध्ये अमेरिकेतच असे दिसले की, तापातील आकडीसाठी दोन वर्षे रोज फेनोबार्बिटोन दिलेल्या मुलांचा बुद्ध्यंक, ते न दिलेल्यांपेक्षा सरासरी आठ गुणांनी कमी भरला. अर्थात याचा अर्थ खऱ्या फेफऱ्याच्या रोग्याने हे स्वस्त औषध मनानेच सोडून द्यावे असा मुळीच नाही. अचानक सोडलेले औषध जिवावर बेतू शकते.

आपल्याकडील संशोधनाने दाखविलेली एक गोष्ट तर थेट बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. व्रजेश उदानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडले की, तान्हेपणी सुरू होणाऱ्या फेफऱ्यामागे, जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातील साखर घसरून मेंदूस झालेली इजा हे एक वारंवार आढळणारे कारण आहे. बाळ कमी वजनाचे, आईचे दूध उशिरा सुरू झालेले, मूल सुस्त पडलेले. आणि घरातील वडीलधारी म्हणतात, ‘गुणी आहे, रडत नाही.’ हे गुणीपण पुढे जन्मभर नडते. जन्मल्यापासून तासाभरात स्तनपान आणि सुस्त बाळाच्या रक्तातील साखरेची तपासणी, या दोन गोष्टींना खर्च असा किती येतो?

शाळेचा संबंध येतो तो येथे. झटक्याचा एक प्रकार असा आहे की त्यात मूल पडत नाही. बोलता-लिहिता काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा कामास लागते. दिवसातून हे अनेकदा घडते. मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या आलेखात तो स्पष्ट दिसतो, पण वर्गात त्यावर ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो आणि प्रसंगी मारही. ज्याला रोज पाच तास ते मूल दिसते, त्या शिक्षकाहून चांगला निदानसाहाय्यक डॉक्टरला मिळणार नाही. पडणाऱ्या मुलाबाबत तर शिक्षकाचे काम सोपे आहे: कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काहीही घालू नये, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालयात न्यावे.

कायद्याने आपल्या परीने काही दुरुस्त्या केल्या आहेत. 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात घातलेली फेफऱ्याची अट 1999 मध्ये वगळली गेली. पण सोयरीक जुळविताना हा विकार लपविण्याची धडपड चालूच आहे, आणि लपविण्यासाठी सर्वप्रथम बंद होते ते औषध! 2013 मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतील तपासणीच्या विकारांमध्ये झटक्यांचाही समावेश आहे. योजना उत्तमच. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचाराने शेकडा सत्तरपर्यंत रोगी झटकामुक्त राहू शकतात, ते औषध रोज, साधारणतः दोन वर्षे किंवा अधिक, न चुकता घेतले तरच.

परभणी जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मूल सोबत जाते, पण औषधाची चिठ्ठी गावच्या दवाखान्याची असते. निघण्यापूर्वी त्या हंगामापुरत्या गोळ्या त्याच्या हाती ठेवणे, अथवा त्याचे कार्ड कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात चालेल अशी व्यवस्था करणे, यास नवा कायदा लागत नाही. शाळेच्या पटावरून स्थलांतरित मुलांची यादी ऑक्टोबरपूर्वीच काढता येते. ती आरोग्य केंद्राकडे कोणी पाठवायची, एवढेच ठरायचे आहे.